सारसोळ्याची डबी

सोमवार, ६ मे १९८५

बातमी आली. पान तीन, वरचा कोपरा, दोन कॉलम. 'सुईने पाय गेला — सारसोळ्यातील बालिकेची करुण कहाणी.' मथळा माझाच. मुंबईच्या संपादकांनी पहिल्यांदाच त्याला हात लावला नाही. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचणार होतो, बायको चारुलता बघत होती म्हणून थांबलो.

हकीकत इथेही लिहून ठेवतो. किसन कोळ्याची मीना, वय तीन. अंगात ताप. गेल्या मंगळवारी तिला इथे नेरूळला डॉ. सुभाष हिवराळ्यांकडे आणली. त्यांनी उजव्या कमरेत सुई दिली. गुरुवारी मूल उठेना. उजवा पाय लुळा. उचलून धरला की खाली लोंबतो, सोडला की पडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

किसनचं म्हणणं घेतलं, आईचं घेतलं, शेजारच्या चौघांचं घेतलं. डॉक्टरांचं राहिलं. पाच वाजताच्या गाडीने पाकीट जायचं होतं.

मंगळवार, ७ मे

काल संध्याकाळी दवाखान्यावर दगड पडले. पाटी फुटली, औषधांच्या कपाटाच्या काचा फुटल्या. डॉक्टर आतच होते. लागलं नाही म्हणतात.

चारुलता गवार मोडत होती. वर न बघता —

"डॉक्टरांना विचारलं होतंत?"

"गाडीची वेळ झाली होती."

"दवाखाना आपल्या मागच्याच गल्लीत आहे ना?"

पाठशाळेत गुरुजी पूर्वपक्ष मांडल्याशिवाय तोंड उघडू देत नसत. आधी समोरच्याचं म्हणणं सांग, त्याला पटेल असं सांग, मग तुझं बोल. या शिस्तीत अकरा वर्षं काढली. पुढे वार्ताहर झालो आणि ती अकरा वर्षं पाच वाजताच्या गाडीला बांधून दिली.

बुधवार, ८ मे

गेलो. डॉक्टर काचा वेचत होते, वर्तमानपत्रावर. कुठलं वर्तमानपत्र ते पाहिलं नाही. वय तिशीच्या आतबाहेर. परभणीकडचे. एम.बी.बी.एस. करून इकडे आलेले, नवी वस्ती म्हणून. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिची काच मात्र शाबूत. दगड सुईसाठी आले की आडनावासाठी, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

"बसा की शास्त्रीबुवा. खुर्ची झटकून घ्या, बारीक काच असते."

मी बसलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून आलं ते "आपलं काय म्हणणं आहे?" जात्याच वार्ताहर.

म्हणाले, "मला पोलिओ वाटतो. सुईने शीर दुखावली तर पाय बधिर होतो. या पोरीला चिमटा काढला तर कळतं, रडते. पाय तेवढा हलत नाही. आधी ताप, मग पाय. पण वाटून काय उपयोग? मीच आरोपी, मीच साक्षीदार."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पोलिओचा विषाणू आतड्यात राहतो, शौचावाटे बाहेर पडतो. मुंबईला एक प्रयोगशाळा आहे. तिथे तो काचेच्या नळीत वाढवतात. वाढला की ओळखतात.

"आणि नाही वाढला तर?"

"तर तुमची बातमी बरोबर."

नमुना लवकर न्यायला हवा. दिवस गेले की विषाणू संपत जातो. शिवाय थंड हवा. डॉक्टर स्वतः जाऊ शकत नाहीत. "सारसोळ्यात मला दारात उभं करणार नाहीत. तुम्हाला करतील. तुम्ही त्यांच्या बाजूचे." टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ९ मे

सारसोळे. किसनची आई बायजाबाई ओट्यावर सुकट निवडत होती. आत किसनची बायको सखू, मांडीवर मीना. धाकट्या दिराचं मूल, दीड वर्षाचा नंदू, सुकटीच्या ढिगात हात घालून बसलेला. दोन भावांची एकच चूल.

मी समजावून सांगितलं. जमेल तेवढं सोपं. बायजाबाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हावरा मुंबैला जातं तं म्हाईत हाय. आता गू पन जानार?"

किसन हसला नाही. "भाऊ, तुमी पेपरात लिवलंव, आमच्यासाटी लिवलंव. तुमी बोलता तं न्या. पन ह्याच्यान पोरीचा पाय येल काय?"

नाही म्हटलं. पाय येणार नाही. गेला कशाने ते कळेल.

"कळून काय करू?"

मी आवाज चढवला. सखू म्हणत होती, पोरीला दोन दिस होतच नाय. मी तिला सांगितलं — "उद्या सकाळी सातला येणार. डबी भरलेली पाहिजे. रिकामी मिळाली तर सगळं संपलं, डॉक्टरांचंही आणि तुमचंही." तिने मान हलवली. डबी डॉक्टरांनी उकळून दिली होती, झाकणाची. तिने ती पदराखाली घेतली.

शुक्रवार, १० मे

डबी भरलेली. फडक्यात बांधून, गाठ मारून. सखूने हातात दिली आणि लगेच आत गेली.

थर्मास चारुलताचा, लग्नातला. किसनने होडीवरच्या पेटीतला बर्फ फोडून गच्च भरून दिला. बर्फाला बोंबलाचा वास, त्यात थर्मासचा दोष नाही. बसमध्ये शेजारचे गृहस्थ म्हणाले, "चहा वाटतं?" मी म्हटलं, नाही. "मग कॉफी." पुढे मानखुर्द येईपर्यंत ते माझ्यावर रुसून होते.

प्रयोगशाळेत डॉ. सुनीती म्हणून बाई आहेत. बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या. नमुना कोणाचा, वय काय, ताप कधी, पाय कधी, कोणी गोळा केला — सगळं विचारून वहीत लिहिलं. मी खणखणीत उत्तरं दिली. सही केली. मग त्यांनी थर्मास उघडला. "एवढा बर्फ घालून कोणी आणत नाही हो. लोक कागदात गुंडाळून आणतात." पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या कामाच्या चोखपणाचं कौतुक केलं.

चार आठवडे लागतील.

शनिवार, ११ मे

चारुलताने थर्मास घरात घेतला नाही. जिन्यात आहे. येणारा-जाणारा झाकण उघडून बघतो.

सोमवार, २० मे

राहवेना म्हणून मुंबईला गेलो. सुनीतीबाईंनी आत येऊ दिलं, हात मागे बांधून उभं राहायच्या अटीवर.

विषाणूला भाकरी-तुकडा चालत नाही. तो जिवंत पेशीतच वाढतो. म्हणून माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी काचेच्या नळ्यांत वाढवून ठेवतात. नळीत गुलाबी पाणी, तळाशी डोळ्याला न दिसणारा पेशींचा थर. आपला नमुना गाळून त्यात सोडायचा. मग वाट बघायची. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली.

मला दोन नळ्या दाखवल्या. पहिलीत काही घातलेलं नाही. पेशी एकमेकींना चिकटून — फरसबंदी जशी, शिळेला शिळा. दुसरी आपली. तिथे फरसबंदी उखडलेली. पेशी गोल गोल झालेल्या, सुट्या, काचेवरून निसटून तरंगणाऱ्या. मधे मोकळी काच.

"काहीतरी वाढलंय," सुनीतीबाई म्हणाल्या. "काय ते आत्ता नाही सांगणार. अशी नासधूस करणारे बरेच असतात."

ओळखायची रीत विचारली. पोलिओच्या तीन जाती, तिन्हींवरचा उतारा त्यांच्याकडे तयार. तीन नळ्यांत वाढलेला विषाणू घालायचा, प्रत्येकीत एकेक उतारा. दोन नळ्यांत पेशी मरतील, ज्या नळीत जगतील त्या उताऱ्याचं नाव ते विषाणूचं नाव. आणि तिन्हींत मेल्या तर तो पोलिओ नव्हेच.

अन्वय आणि व्यतिरेक. हे असेल तर ते, हे नसेल तर नाही. मी हे पोरवयात घोकलं होतं, परीक्षेपुरतं. या बाई रोज सकाळी करतात. पाय गेल्याच्या दोन दिवस आधी सुई — एवढ्या सामग्रीवर मी दोन कॉलम लिहिले. गुरुजींनी ओट्यावर उन्हात उभं केलं असतं.

काचेखालची ती मोकळी जागा डोळ्यांपुढून जात नाही. मीनाच्या पाठीच्या कण्यात असंच झालं असणार. तिथे बदलायला दुसरी नळी नाही.

सोमवार, २७ मे

डॉक्टरांकडे तीन आठवड्यांत तीन रोगी. तिघेही करंजाड्याचे, बातमी न वाचलेले. गाळ्याच्या मालकाने जूनअखेर जागा सोडा म्हणून सांगितलंय. बायको मुलांना घेऊन परभणीला गेली. "काही वाढलंय म्हणतात, नाव कळायचंय," मी सांगितलं. ते म्हणाले, "नाव चुकीचं निघालं तर कुलूप लावून मीही जातो. तिकडे विहिरीवरच्या पोरांना खरूज होते, तेवढं पुरे मला."

विनोद होता. दोघांनीही हसायचा प्रयत्न केला.

शुक्रवार, ७ जून

पोलिओ. जात पहिली.

डॉक्टर कागद घेऊन घरीच आले. चारुलताने चहा केला, त्यांनी घेतला नाही, कागद चार वेळा घडी करून खिशात ठेवला, चार वेळा काढला. "आईला तार करतो," म्हणाले. बस्स. जाताना जिन्यात थांबून रुमालाने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

सोमवार, १० जून

दुरुस्ती छापून आली. पान पाच, अकरा ओळी, खाली विहिरीच्या पंपाची जाहिरात. 'डॉ. हिवराळे निर्दोष.' चूक दोन कॉलमची, दुरुस्ती अकरा ओळींची. हा भाव कोणी ठरवला कोण जाणे. संपादकांना म्हटलं, ते म्हणाले, "छापली हे काय कमी आहे?"

तरी वाचली लोकांनी. मालकाने गाळा राहू दिला. नवी पाटी लागली.

शुक्रवार, १४ जून

दुपारी सखू आली. दाराबाहेरच उभी. चारुलताने आत ओढली.

पाणी प्यायली. मग म्हणाली, "भाऊ, त्या डबीत जो किडा गावला, तो ज्याचा हाय त्याचा पाय जानारच काय?"

मी म्हटलं, मीनाचा गेलाच आहे, आता आणखी काही —

"मीनाची नाय ती डबी."

मला कळायला वेळ लागला. चारुलताला आधी कळलं.

त्या रात्रीही पोरीला झालं नाही. सकाळ व्हायला आली. भाऊ येनार, डबी भरलेली पायजे बोलला, नायतर सगला संपला. सखू रडायला लागली. तेव्हा बायजाबाई म्हणाली — "गू तो गू. त्याच्यावर काय नाव लिवलंय? नंदूचा भर." नंदूचा भरला. दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. पेपरात आलं तेव्हा सगळे म्हणाले, मीनाला पोलिओ होता, सुटलं. सखू सुटली नाही. तिला हिशोब साधा दिसत होता. डबी नंदूची, म्हणजे किडा नंदूत.

"जावेला काय सांगू? तिचा पोर अंगनात पलतंय. मी रोज त्याचं पाय बगते."

तिला काय सांगितलं ते नीट आठवत नाही. डॉक्टरांना विचारतो म्हटलं असेन.

शनिवार, १५ जून

विचारलं नाही. दिवसभर घरात बसलो. पाटी नवी आहे, रंगही वाळलेला नाही.

रविवार, १६ जून

सकाळी चारुलता म्हणाली, "आज गाडीची वेळ कितीची आहे?" आज गाडी नव्हती. उठून गेलो.

डॉक्टरांनी ऐकलं. पहिला प्रश्न स्वतःविषयी नव्हता.

"नंदूला डोस दिले होते का कधी? थेंब?"

नाही. सखूला मी तेवढं विचारलं होतं. गावात कोणालाच नाही.

"म्हणजे लसीचा नव्हे. रोगाचाच." ते उठून खिडकीशी गेले. "त्या पोराचं काही होईल असं नाही, शास्त्रीबुवा. शेकडा नव्याण्णव मुलांना काहीच होत नाही. विषाणू येतो, राहतो, जातो. पण तेवढ्यात ते पोर तो दहा घरी पोचवतं. अंगणात पळणारं, गुबगुबीत. शंभरातलं एखादं मीनासारखं. तुम्हाला कळतंय का? गावभर आहे तो."

मी म्हटलं, आणि तुमचं?

"माझं काय?"

"मीनाचा नमुना गेलाच नाही. तुमची सुटका ज्या कागदावर आहे तो दुसऱ्याचा कागद. आपण गावात थेंब द्या म्हणालो तर कारण सांगावं लागेल. सांगितलं की —"

"की मी परत आरोपी. होय की." खिडकी लावून परत आले. "दीड आठवडा निर्दोष होतो. बरं वाटलं."

मग टेबलाशी बसून प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. नमुना चुकीच्या नावाने आला. खाली सही. मलाही सही करायला लावली, कारण वहीत आधी मीच केली होती.

सोमवार, १७ जून

सारसोळ्यात गेलो, डॉक्टर आणि मी. देवळापुढच्या चौथऱ्याशी पन्नासेक माणूस. मी बोलणार होतो, दोन वाक्यं तयार होती. सखूने बोलूच दिलं नाही. उभी राहिली, पदर दाताखाली धरून, मग सोडून —

"डबी मीनाची नव्हती. नंदूची होती. मी भरली. डागदरान मीनाचा वाईट केला का नाय केला, मना ठावं नाय. पन किडा आपल्या घरात हाय. सगल्यांच्या घरात असंल. पोरांना थेंब द्या."

जाऊ तिच्याकडे बघत राहिली. किसनने मान खाली घातली. मागून कोणीतरी म्हणालं, "मंजे सुईच व्हती ना शेवटी?" कोणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही.

बायजाबाई उठली, नंदूला काखोटीला मारलं आणि डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. "हा घे. पयला ह्याचा तोंड उघड."

थेंब अजून आणायचे होते. तरी ती तशीच उभी होती बराच वेळ.

येताना मीनाचा खरा नमुना घेतला. सात आठवडे होत आले.

रविवार, २३ जून

सरकारी आरोग्य केंद्राने लस दिली, किसनने बर्फ. चौऱ्याऐंशी मुलं. चिखलातून कडेवर घेऊन आलेल्या बाया. डॉक्टर थेंब टाकत होते, मी नावं लिहीत होतो. प्रत्येक नाव दोनदा विचारून. एक आजी वैतागली, "पोराचा नाव बदलतंय काय रं मदीच?"

काहीजण आले नाहीत. पाच घरं. हिवराळ्यांच्या हातून नको म्हणाले.

मुंबईला तिसरी बातमी पाठवली, डबी मीनाची नव्हती म्हणून. संपादकांचा फोन — "तुमच्या सारसोळ्याचा खो-खो चाललाय का हो?"

सोमवार, ८ जुलै

मीनाच्या नमुन्यात काही वाढलं नाही. दोनदा लावून पाहिला. पेशी शेवटपर्यंत जशाच्या तशा. सुनीतीबाईंनी पत्रात लिहिलंय, यावरून पोलिओ नव्हता असं म्हणता येत नाही, एवढ्या उशिरा बहुधा काही मिळत नाही. होता असंही म्हणता येत नाही.

मे महिन्यात मिळालं असतं. मे महिन्यात मी सातला येणार होतो, डबी भरलेली पाहिजे होती.

डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. एकाच चुलीवरची दोन पोरं, एकात सापडला, दुसरीचा पाय गेला. मला शंका नाही." गावाला मात्र आहे. दवाखान्यात आज दोन रोगी.

मीना भिंतीला धरून एका पायावर उभी राहते. सखू म्हणते, दुसरा पाय ती हाताने उचलून पुढे ठेवते आणि मग त्याच्याशी बोलते.

रविवार, २१ जुलै

डॉक्टर आले. हातात लिहिलेला कागद. परवा ते सुनीतीबाईंना भेटायला गेले होते. बाईंनी विचारलं, पोरीला ताप असताना सुई कुठे दिलीत? आणि एक जुना परदेशी लेख वाचायला दिला. विषाणू आधीच अंगात असेल आणि त्या तापात सुई टोचली, तर ज्या पायाशी टोचली तोच पाय जाऊ शकतो. एरवी कदाचित काहीच झालं नसतं.

"किसनने तीनदा मागितली सुई. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा दिली. ताप उतरवायची साधी सुई, गोळीने भागलं असतं." हात मांडीवर, तळवे वर. "मला माहीत नव्हतं. पण दिली मीच. छापा. नाव घालून."

मी म्हटलं, हे छापलं तर तुम्हाला इथे राहता येणार नाही.

"गावात या आठवड्यात सात पोरं तापाने पडली आहेत. थेंब न घेतलेल्या त्या पाच घरांतली. त्यांचे बाप सुई देणारा डॉक्टर शोधत उरणपर्यंत चाललेत. हे वाचून थांबतील."

पाठवली. नावासकट.